धुराड्याची टोपी

शनिवारी सकाळी नाथाजी बर्गे धुराडं साफ करायला कौलांवर चढला आणि धुराड्याची टोपी त्याच्या हातात आली.

टोपी गच्च बसली होती म्हणून त्यानं जरा हिसका दिला होता, एवढंच. पण ती उपसली गेली, नळा हादरला, आणि नळ्यात काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज झाला. खाली स्वयंपाकघरात 'भप्' असं झालं. मग शालूबाईचा आवाज आला. तो कौलांतून वर आला, दारातून बाहेर आला आणि शेजारच्या रंगूबाईच्या भिंतीवर आपटून परतही आला.

"आवं, जित्ती हाय का मेली त्ये बगाय तरी खाली या!"

"काय झालं गं?"

"काळं झालं! आमटी काळी झाली, भाकरी काळी झाली, म्या काळी झाली! या खाली आन् वळखून दावा मला!"

नाथाजी घाईनं वाकून बघायला गेला. हातातली टोपी कलंडली आणि तिच्या पोटातली लोखंडी कडी निसटली. ह्या कडीत तुरीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे होते. त्यांच्यावर टोपी फिरायची. कडी कौलावर आपटून फुटली आणि छर्रे टपटप उड्या मारत अंगणात गेले. अंगणात रंगूबाईच्या कोंबड्या चरत होत्या. आभाळातून दाणे पडले म्हणून त्या धावत आल्या.

नाथाजी शिडीवरून उतरेपर्यंत बारा छर्ऱ्यांपैकी सात राहिले होते.

"आत्ती, तुमच्या तांबड्या कोंबडीनं माझं छर्रं खाल्लं," नाथाजी रंगूबाईला म्हणाला.

"मग? मी काय करू?" रंगूबाई सत्तरीची होती आणि कुणालाच घाबरत नव्हती. "तिच्या पोटात दुखलं तर तुलाच जबाबदार धरीन."

"कोंबडी मला इकत द्या. कापून काढतो."

"कापून? आरं, नवसाची हाय ती! जत्रंपातूर तिच्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई. तुझ्या छर्ऱ्यांपाई मी देवीला काय त्वांड दावू?"

देवीचं नाव आल्यावर नाथाजी खाली वाकून उरलेले छर्रे वेचायला लागला.

ते धुराडं पंचक्रोशीत एकच होतं. नाथाजीची सगळी नोकरी पलटणीच्या लंगरखान्यात गेली. मिसरात आणि इटलीत त्यानं दोनशे दोनशे माणसांची डाळ शिजवली, आणि चव्वेचाळीस साली उकळत्या डाळीचं पातेलं गुडघ्यावर सांडून घेऊन तो घरी आला. येताना पुण्याजवळच्या एका बंद पडलेल्या छावणीत साहेब लोकांच्या मेसचं सामान लिलावात निघालं होतं. लोक तंबू घेत होते, बूट घेत होते, घोंगड्या घेत होते. नाथाजीनं चुलीवरचं धुराडं घेतलं. पत्र्याची भलीमोठी चौकोनी छत्री, तिच्यातून वर जाणारा नळा, आणि नळ्याच्या शेंड्यावर वाऱ्यानं गरगर फिरणारी पात्यांची टोपी. कोरेगाव स्टेशनापासून ते बैलगाडीत घालून आणलं तेव्हा गावानं विचारलं, "नाथाजी, इमान आनलं का काय?"

पण ते धुराडं त्यानं मिजाशीसाठी घेतलं नव्हतं. वीस वर्षं चुलीच्या धुरानं शालूबाईचे डोळे गेल्यात जमा होते. संध्याकाळी डाळिंबासारखे लाल व्हायचे आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. कोरेगावचा डॉक्टर म्हणाला होता, "थेंब मी देतो, पण धूर बंद करणं तुमच्या हातात आहे. नाहीतर दोन-चार वर्षांत बाईंना कुणीतरी हाताला धरून न्यावं लागेल." एकुलती लेक लग्न होऊन शिरवळला गेलेली. हाताला धरून नेणार कोण? धुराडं बसवलं आणि सहा महिन्यांत शालूबाई स्वतःच्या हातानं सुईत दोरा ओवायला लागली. त्या दिवशी नाथाजीनं छावणीच्या दिशेनं सलाम ठोकला होता.

तेव्हापासून दर शनिवारी तो शिडी लावून वर चढायचा आणि चिंच नि राखेनं टोपी घासायचा. लांबून उन्हात ती चांदीसारखी चकाके. नळ्याच्या आत काय आहे ते लांबून दिसत नव्हतं, त्यामुळे त्याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

टोपी उपसली त्या दिवसापासून धुराड्यानं धूर ओढायचं बंद केलं. नाथाजीनं छर्ऱ्यांशिवायच टोपी बसवून पाहिली. ती फिरेना आणि धूर घरात. टोपी काढून ठेवली, तरी धूर घरातच.

"बग," नाथाजी शालूबाईला समजावू लागला, "टोपी फिरती म्हून धूर वढती. आता ती फिरंना, तर धुराला वर कोन न्हेनार? छर्रं मिळालं की झालं."

"कवा मिळायचं?"

"उद्या."

शालूबाईनं चूल अंगणात मांडून पाहिली. डोंगराकडचा वारा असा की पहिल्याच दिवशी ठिणगी उडून कडब्याच्या गंजीला धरली असती. ती पुन्हा आत आली. चौथ्या दिवशी सकाळी तिचे डोळे उघडेनात. नाथाजीनं कोमट पाण्यानं पुसून ते उघडले, तेव्हा समोर तिनं रात्रीच बांधून ठेवलेली पेटी होती.

"म्या आटपाडीला भावाकडं जाती," ती म्हणाली. "थितं चूल उघड्यावर असती. तुमचं धुराडं फिराय लागलं की सांगावा धाडा."

"आन् माझ्या भाकरीचं?"

"आवं, दोनशे मानसांचा सैपाक करीत हुता न्हवं तुमी?"

हाच घोटाळा होता. नाथाजीला दोनशे माणसांचा स्वयंपाक येत होता, एकाचा येत नव्हता. डाळीचं प्रमाण त्याच्या हातात मणाच्या हिशेबानं बसलेलं. पहिल्या दिवशी त्यानं फार काटकसरीनं डाळ टाकली, तरी ती शेजारीपाजारी वाटून उरली आणि तीन दिवस पुरली. मीठ मात्र दोनशे माणसांचं पडलं होतं. धुरात बसून ती डाळ खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळे, आणि ते धुरानं का डाळीनं का शालूबाईच्या आठवणीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. भिंतीकडं बघून तो मोठ्यानं बोलायचा, "वीस वर्सं ह्यात कशी बसली असंल ही?"

कोरेगावात सायकलच्या दुकानात छर्रे मिळाले, पण ते वाटाण्याएवढे निघाले. म्हणून पुढच्या मंगळवारी उरलेले सात छर्रे रुमालात बांधून, टोपी पोत्यात घालून नाथाजी साताऱ्याला गेला. मंगळवार पेठेत गंगाधरपंतांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळ्यापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं तिथं मिळे, असं लोक सांगत. गंगाधरपंतांनी छर्रा चिमटीत धरला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "हा देशी नव्हे. नंबर काय?"

"कसला नंबर?"

"अहो, ह्या लोकांच्या प्रत्येक वस्तूला नंबर असतो. टोपीवर बघा कुठंतरी कोरलेला असेल."

नाथाजीनं पोत्यातून टोपी काढली. बाहेरून ती चकाकत होती, आतून कोळशासारखी होती. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं नखानं काजळी खरवडली. नंबर निघाला नाही. दोन इंग्रजी अक्षरं निघाली आणि त्यांच्याखाली एक बाण निघाला.

गंगाधरपंतांनी तो बाण पाहिला आणि त्यांचा आवाज खाली गेला. "बर्गे, ही सरकारी खूण आहे हो. लष्कराची. पावती आहे ना जवळ?"

"हुती," नाथाजी म्हणाला. दीड वर्षापूर्वी ती पावती त्यानं जपून आढ्यात खोचली होती आणि उंदरांनीही ती तशीच जपून खाल्ली होती. "मिलिटरीचाच माल हाय ह्यो. नुसतं छर्रं गावलं की बार उडाला म्हना!"

बार उडवायचा म्हणजे काम फत्ते करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण तेव्हा पंचेचाळीस सालची दिवाळी नुकती होऊन गेली होती. भूमिगत मंडळी कुठं जेवतात, कुठं झोपतात हे साताऱ्यात पोलीस सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे पोलीस फार चिडलेले होते. दुकानात एक गृहस्थ मघापासून एकच बिजागरी उलटीसुलटी करून बघत उभे होते. त्यांनी बिजागरी ठेवली आणि नाथाजीच्या दंडाला धरलं.

"चला," ते म्हणाले. "बार कुठं उडवायचा ते चौकीत सांगा."

फौजदारसाहेबांच्या टेबलावर रुमाल सोडण्यात आला. सात छर्रे घरंगळले आणि साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

"हे काय आहे?"

"छर्रे हायती, सायेब."

"कशासाठी?"

"धूर काढायला."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "कुणाचा?"

"बायकूचा."

"बायकोनं काय केलंय?"

"तिनं काय न्हाई क्येलं, सायेब. ती ग्येली."

"पळून?"

"न्हाई, मोटारीनं. आटपाडीला."

साहेबांनी हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "लष्करात काय काम होतं तुझं?"

"लंगरखान्यात. दोनशे मानसं वाढली म्या."

"मारली?"

"वाढली, सायेब! डाळ, रोटी. शुक्करवारी मटन."

"आणि हे बारा छर्ऱ्यांचं यंत्र. इथं सात आहेत. पाच कुणाला दिलेस?"

नाथाजीनं इकडंतिकडं पाहिलं. खरं बोलावं असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या शिकवणीची भीती वाटली.

"कोंबडीला," तो म्हणाला.

त्याला बसवून ठेवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी अर्जुना नावाचा एक शिपाई गावात आला. त्यानं धुराड्याच्या छत्रीखाली डोकं घालून वर पाहिलं. मूठभर काजळी पडली आणि कामावर रुजू झाल्यापासून पहिल्यांदा तो चौकशीवरून पुरावा तोंडावर घेऊन बाहेर आला. मग तो रंगूबाईकडं वळला.

"म्हातारे, तुझ्या कोंबडीनं छर्रे खाल्ले हे खरं?"

"खरं तर! पाच खाल्लं मेलीनं. आन् दुसऱ्या दिशी अंडं बी दिलं."

"मग कोंबडी द्यावी लागेल. मुद्देमाल आहे."

रंगूबाईनं हातातली केरसुणी उलटी धरली. पुढं जे झालं ते पाटील मध्ये पडले म्हणून थोडक्यात आटोपलं. पाटलांनी नाथाजीच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून दिला, आणि खाली पंचांच्या सह्या घेऊन असंही लिहिलं की, सदर तांबडी कोंबडी नवसाची असल्यानं मालकिणीच्या हमीवर तिच्याच ताब्यात ठेवली आहे, आणि ती गाव सोडून जाणार नाही.

हा कागद फौजदारसाहेबांनी दोनदा वाचला आणि टेबलावर पालथा घातला. मग त्यांनी नाथाजीला सोडलं. टोपी परत दिली. सात छर्रे मात्र लाखेनं सील करून कपाटात गेले.

"त्ये कवा मिळतील, सायेब?" नाथाजीनं विचारलं.

"वरून हुकूम आल्यावर."

"वरून म्हंजी?"

"लंडनहून," साहेब म्हणाले आणि त्यांनी कपाळ चोळलं.

नाथाजी चौकीतून बाहेर आला तेव्हा जवळ बारा छर्ऱ्यांपैकी एकही नव्हता. गावात रंगूबाईनं त्याच्याशी बोलणं सोडल्याचं अर्जुनाकडून कळलं होतं. आधी ती दुपारी एखादी भाकरी तरी भिंतीवरून सरकवायची. घरात धूर होता आणि खारट डाळ होती. तो टोपी मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसला आणि पलटणीतून आल्यापासून पहिल्यांदा त्याला वाटलं, की इटलीत बरं होतं.

गंगाधरपंत दुकानातून धावत आले. त्यांना आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. "बर्गे, माझ्या दुकानात तुमच्यावर ही वेळ आली. मला फार वाईट वाटतंय. हे बघा, सांगलीला सिद्धू म्हणून मिस्त्री आहे. ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. तो नसलेला भाग नवा घडवतो. ही चिठ्ठी घ्या. आणि तिथं कृपा करून बार उडवायचं काही बोलू नका."

आता हात टेकून घरी बसावं, असं नाथाजीच्या मनात आलं. पण घरी तरी काय होतं? तो कोरेगावला येऊन आगगाडीत बसला, मिरजेला उतरला, गाडी बदलून सांगलीला गेला. गाडीत पोत्यातली टोपी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, "पावनं, काय हाय वो पोत्यात?" तर तो म्हणाला, "काय न्हाई, कलिंगाड." एकदा खरं बोलून त्याला पुरे झालं होतं.

सिद्धू मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान हळदीच्या पेठेच्या मागं होतं. तिथं एक इंजिन सारखं धडधडत असल्यामुळे सिद्धूशी ओरडूनच बोलावं लागे. त्यानं टोपी हातावर तोलली, फुंकली, फिरवली, वास घेतला.

"कडी करून देतो!" तो ओरडला. "चार दिस लागतील! पर गड्या, खरं सांगू का? ही नुसती पाऊस आत जाऊ न्हाई म्हणून असत्या! धूर आपला आपन वर जातोय! नळा साफ केलास काय तू?"

नाथाजीचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत तो पोलिसांवर चिडला नव्हता, कोंबडीवर चिडला नव्हता. आता चिडला.

"मिस्त्री!" तो इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडला. "म्या मिलिटरीतला मानूस हाय! साफसफाई मला शिकवाय लागू नगासा! दर शनवारी ही टोपी घासतोय म्या, त्वांड दिसतंय हिच्यात!"

सिद्धूनं टोपीत स्वतःचं तोंड पाहिलं. ते दिसत होतं. त्यानं खांदे उडवले आणि तो कामाला लागला.

चार दिवस नाथाजी कृष्णेच्या घाटावरच्या धर्मशाळेत राहिला. सकाळी नदीत अंघोळ करायचा, दुपारी दुकानाच्या दारात बसून कडी किती झाली ते बघायचा. शालूबाईला पत्र टाकावं असं त्याच्या मनात रोज यायचं. पण लिहिणार काय? धुराडं फिरत नव्हतं.

इकडं शालूबाईला बातमी पत्राविनाच पोचली होती. ती बाजाराबाजारानं गेली. कोरेगावच्या बाजारात लोक म्हणाले, नाथाजीला छर्ऱ्यांसकट धरला. कऱ्हाडच्या बाजारात तो बंदुकीसकट धरला गेला. आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात शालूबाईचा भाऊ मानसिंग उभा होता, तिथं बातमी आली की नाथाजीकडं तोफ सापडली, आणि त्याच्याबरोबर एका तांबड्या बाईलाही पोलिसांनी गावात अडकवून ठेवलंय.

शालूबाईनं पेटी उचलली आणि ती मिळेल त्या मोटारीनं निघाली. वाटेत तिनं फक्त एकदा तोंड उघडलं. मानसिंग म्हणाला, "आक्का, तोफ ठेवली कुठं आसंल गं त्यांनी?" त्यावर ती म्हणाली, "तोफंचं मरू दे. ती बाई कोन?"

घराला कडी होती. रंगूबाईनं भिंतीवरून डोकं काढून तिला सगळं सांगितलं; तोफ नसल्याचं सांगितलं, तांबडी बाई दाणे टिपत होती ती दाखवली, आणि नवी कडी घडवायला नाथाजी चार दिवसांसाठी सांगलीला गेल्याचा गंगाधरपंतांचा निरोप पाटलांकडं आला होता, तोही सांगितला. मानसिंग चहाचं तेवढं बघ म्हणाला आणि पाराकडं गेला. शालूबाईनं चूल पेटवली. धूर भडभडून घरात पसरला. डोळ्याला पदर लावून तिनं नळ्यावर फुंकणीनं एक टोला मारला.

खाली नळा खणखणला. वर, आढ्याजवळ नळ्याला वाकण होतं, तिथं मात्र भरल्या रांजणासारखा बद्द आवाज आला.

तिनं चूल विझवली, कळकाच्या काठीला फडकं गुंडाळलं आणि छत्रीखाली उभं राहून ती वाकणात खुपसली. दोनदा, तीनदा. चौथ्या खेपेला भोपळ्याएवढा काजळीचा गोळा खाली आला. त्यात चिमणीचं एक जुनं घरटंही होतं. टोपीला हिसका बसला तेव्हा दीड वर्षाची काजळी सुटून वाकणात अडकली होती, दुसरं काही नाही. तिनं पुन्हा चूल पेटवली. धूर एखाद्या शहाण्या पोरासारखा सरळ वर निघून गेला. टोपीही नव्हती आणि छर्रेही नव्हते.

शालूबाईला आधी हसू आलं. ती कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन एकटीच हसत बसली. मग भिंतीवरून रंगूबाई म्हणाली, "हासतीस काय? आठ दिस खारट डाळ खाल्ली त्यानं. फौजदाराम्होरं हुबा ऱ्हायला. मी बोलत न्हाई त्याच्यासंगं, पर भिताडापल्याड त्यो येकटाच बोलायचा त्ये ऐकू यायचं की. म्हनायचा, ती येईल तवा घरात धूर नसावा."

शालूबाईचं हसू गेलं. ती काजळीच्या ढिगाकडं बघत राहिली. चार दिवस त्या सांगलीत बसून माणूस कडी घडवून आणतोय, आणि घरात पाऊल टाकल्यावर त्याला सांगायचं काय? काठीनं झालं म्हणून?

तिनं काजळी टोपलीत भरून मागच्या उकिरड्यावर टाकली. हात घासून धुतले. "आत्ती," ती म्हणाली, "ह्यातलं येक अक्षर त्यांच्या कानाव घालू नगा."

"मी कशाला घालू? मी बोलतच न्हाई त्याच्यासंगं!"

दुपारी वाटेवर पोतं घेतलेला नाथाजी लंगडत येताना दिसला. शालूबाईनं जुन्या घोंगडीचा बोळा केला, तो काठीनं नळ्यात गच्च कोंबला आणि चुलीत ओली लाकडं सारली. बघता बघता घर धुरानं भरलं. ज्या डोळ्यांसाठी तो माणूस एवढा हिंडून आला होता, त्याच डोळ्यांत तिनं आपल्या हातानं धूर घेतला आणि ती चुलीपुढं बसून राहिली.

"कवा आलीस?" दारातून नाथाजी म्हणाला.

"आत्ताच. काय ह्यो धूर वो! डोळं पार ग्येलं बगा."

त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. पाणीसुद्धा न पिता त्यानं शिडी लावली. दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पायरी चढत तो वर गेला, कौलांवर बसला, टोपी शेजारी टेकवली आणि कमरेच्या फडक्यातून सिद्धूनं घडवलेली कडी काढली. कडी खरोखरच सुरेख होती. त्यानं टोपी उचलून डाव्या हातात घेतली. उचलताना ती नळ्याला लागली आणि 'खण्' असा आवाज झाला.

खाली शालूबाई काठी धरून कानोसा घेत उभी होती. तिनं तो आवाज ऐकला आणि बोळा ओढला.

धुराचा एक भला मोठा लोट नळ्यातून सुटला आणि नाथाजीच्या तोंडावर आला. तो ठसकत मागं सरला. खालून शालूबाई आनंदानं ओरडत होती, "बसली वो बसली! कशी वढाय लागली बगा! समदा धूर ग्येला!"

नाथाजीनं डाव्या हातातल्या टोपीकडं पाहिलं. उजव्या हातातल्या कडीकडं पाहिलं. मधल्या उघड्या नळ्यातून धूर सरळ आभाळात चालला होता. त्याची नजर घरामागं गेली. उकिरड्यावर ताज्या काजळीचा ढीग होता आणि त्याच्यावर चिमणीचं एक घरटं उपडं पडलं होतं.

त्याला सगळं समजलं. आपण इतके दिवस काय करत होतो हे समजलं. ती टोपी भिरकावून द्यावी, नाहीतर स्वतःलाच कौलांवरून खाली सोडून द्यावं, असं त्याला वाटलं.

"आवं," खालून आवाज आला. तो आता जरा बारीक झाला होता. "बोला की. नीट बसली न्हवं?"

त्या आवाजातली भीती नाथाजीला ऐकू आली.

"बसली, बसली!" तो ओरडला. "मिलिटरीचा माल हाय त्यो. वढनारच!"

"तरी मी म्हनतीया!"

नाथाजीनं बाहीनं तोंड पुसलं. मग जराही आवाज होणार नाही अशा बेतानं त्यानं टोपी हळूच नळ्यावर बसवली.